मशीन राहू द्या, आधी दोन महिन्यांचे पगार बाजूला काढा

जुळे सोलापुरातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत हाउसकीपिंग सुपरवायझर, पगार २४ हजार. नवी पेठेतल्या एका तीन मजली कापड शोरूमचं फरशी सफाईचं काम मिळतंय. कागदावर २४,००० स्क्वेअर फूट, यांनी महिन्याला फुटामागं अडीच रुपये रेट दिलाय म्हणजे ६० हजार. चार माणसं ११ हजारानं, ४ हजाराचं मटेरियल, वर १२ हजार सुटतात असा त्यांचा हिशोब. आता नोकरी सोडून, ४ लाखाच्या एफडीतले १ लाख ८० हजार काढून आणि बायकोच्या पाटल्या गहाण टाकून १ लाख उभे करून २ लाख ८० हजाराचं ऑटो स्क्रबर, म्हणजे फरशी घासून पाणी ओढून घेणारं बॅटरीवरचं मशीन घ्यायचंय. विचारलंय, घेऊ का?

भाऊ, काम घ्या. मशीन घेऊ नका, नोकरी सोडू नका, आणि ६० हजार हा आकडा मालकानं सही करायच्या आत मागं घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल पण हे समोरासमोर बसून बोलल्यासारखंच वाचा.

पहिलं म्हणजे ते २४,००० फूट. तो बांधकामाचा आकडा आहे, पुसायचा नाही. रॅक, काउंटर, ट्रायल रूमच्या भिंती, वरचं गोडाऊन हे सगळं वजा करा, तुमच्याच नकाशावरून मला साधारण १७,००० फूट दिसतंय. आता वाटेल की बरंय की, काम कमी झालं, पण तसं नाही होत ओ. मोकळा हॉल पुसणं वेगळं आणि तीन फुटाच्या गल्लीत रॅकच्या पायांमधनं मॉप फिरवणं वेगळं. मागं एका क्लायंटबरोबर मी स्वतः मोबाईलवर स्टॉपवॉच लावून उभा राहिलो होतो, असंच कपड्याचं दुकान, एक मावशी, हात चांगला चालणारी, १,००० फूट झाडून ओलं पुसायला ४० मिनिटं लागली. त्यातली दहा नुसती रॅकखालचे धागे, स्टिकर, टाचण्या काढण्यात गेली. तोवर तो क्लायंट १५ मिनिटं धरून चालला होता.

तेच ४० मिनिटं तुमच्याकडं लावा. १७ गुणिले ४० म्हणजे ६८० मिनिटं, सव्वाअकरा तास. सहा टॉयलेट, जिना, दर्शनी काच यांचे अडीच तास. झाले पावणेचौदा. दुकान उघडतंय दहाला, तुम्हाला आत सोडतात सातला, तीनच तास. चार माणसांचे बारा तास होतात, म्हणजे पाचवं माणूस लागतंच. पाचही जण दिवसभर मात्र नकोत, दुपारच्या दुसऱ्या पुसण्याला आणि टॉयलेटला दोघं पुरतात. म्हणून मी दोन फुल डे आणि तीन फक्त सकाळचे, अर्ध्या पगारावर, असं धरलंय.

पगार ११ हजार लिहिलाय तिथं थांबा. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, चालू तक्ता कामगार आयुक्त कार्यालयाचा बघून मगच आकडा टाका, आणि कॉन्ट्रॅक्टमधे एक ओळ घाला की भत्ता वाढला तर बिल तेवढं वाढेल. मी फुल डेचे १४ हजार आणि सकाळच्याचे ७ हजार धरतोय. ४९ हजार झाले. आता तुमच्या हिशोबात अजिबातच नसलेली गोष्ट, सुट्टी. शोरूम आठवड्याचे सातही दिवस चालू, माणूस सहा दिवस. पाच जणांच्या महिन्याला वीस सुट्ट्या, प्रत्येक सुट्टीला बदली माणूस द्यायचा म्हणजे साडेसात हजार अजून. नुसती मजुरी ५६,५०० वर गेली आणि तुमचं बिल ६० चं आहे.

माणसं कुठून घेताय तेपण बघा. कुंभारीहून बायका मिळतील, पण सातला नवी पेठेत पोचायचं तर रिक्षाचे पैसे शेवटी तुमच्याच अंगावर येणार. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक या बाजूच्या बायका चालत येतात, वेळेवर येतात. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्मी माणसं सुट्टी मागणार, त्याच आठवड्यात दुकानात गर्दी आणि फरशीवर धूळ दुप्पट, त्याची तजवीज डिसेंबरातच करून ठेवा.

मटेरियल ४ हजारात बसत नाही. दहा लिटरच्या बादलीत १०० मिली क्लीनर, दीड हजार फुटाला एक बादली बदलली तर सकाळी बारा, दुपारी सहा, अशा १८ बादल्या, रोज १ लिटर ८०० मिली, महिन्याला ५४ लिटर म्हणजे पाच लिटरचे ११ कॅन. तुम्ही लिहिलेल्या ३५० च्या भावानं ३,८५०. टॉयलेटचं हजार, कचऱ्याच्या पिशव्या ७००, मॉपचे गोंडे, डस्टर, खराटे मिळून हजारभर. ६,६०० पकडा. पुसायचं कापड मात्र दुकानातनं पॅकेटबंद घेऊ नका, अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचे रिजेक्ट पीस किलोवर मिळतात, पाणी तेच चांगलं ओढतात. आणि क्लीनर मापानं ओतायची सवय लावा, प्रत्येकीला एक १०० मिलीचा मेडिकलचा कप द्या, नाहीतर कॅनच्या तोंडानं धार सोडली की दुप्पट जातं, वर फरशी चिकट होऊन धूळ धरते आणि परत तुम्हालाच पुसायला लागते.

पाणी आणि वीज मालकाची हे लिहून घ्या, विसरू नका. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे तुम्हाला मी सांगायला नको, मे महिन्यात टँकर मागवायची वेळ आली तर ते बिल कुणाचं हा वाद नको.

याच्यापुढं ऍसिड. हे मी जरा जोर देऊन लिहितोय कारण एका क्लायंटचे एका सकाळी १८ हजार गेले. बोअरच्या पाण्यानं टॉयलेटमधे पांढरा थर चढतो म्हणून मावशीनं ऍसिड टाकलं, तीच बादली बाहेर जिन्याजवळ ठेवली, सांडली. जिना शहाबादीचा. शहाबादी काय, कोटा काय, मार्बल काय, सगळा चुन्याचा दगड, ऍसिड पडलं की फसफसतं आणि पॉलिश जाऊन पांढरे डाग राहतात, ते पुसून जात नाहीत, दगड घासून परत पॉलिशच करायला लागतं. मालकानं बिलातनं कापले. तुमच्याही शोरूमचा जिना शहाबादीच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून टॉयलेटचं सामान वेगळ्या रंगाच्या बादलीत, आणि ती बादली टॉयलेटच्या उंबऱ्याबाहेर येता कामा नये. ऍसिड आणि ब्लीचिंग तर एकत्र कधीच नको, क्लोरीन गॅस निघतो, माणूस गुदमरतो.

आता मशीनचा हिशोब. वीस इंची मशीन चालत्या माणसाच्या वेगानं, ताशी चार किलोमीटर धरलं, तर कागदावर तासाला २१ हजार फूट होतं, वळणं आणि पाणी भरणं-काढणं धरून निम्मं म्हणा. ऐकायला भारी वाटतं. पण मागचा पाणी ओढणारा रबरी स्क्वीजी ब्रशपेक्षा रुंद असतो, तीन फुटी गल्लीत मशीन गेलं तरी वळणार कुठं? बॅटरीसकट शंभर किलोच्या वर वजन, तुमच्या शोरूमची लिफ्ट माणसांचीच छोटी आहे. म्हणजे उरला तळमजल्याचा मोकळा भाग, ४,००० फूट. तिथं हातानं १६० मिनिटं लागतात. मशीननं आधी कोरडं झाडायला ४०, चालवायला २४, टाक्या धुऊन ठेवायला ३०, झाली ९४. वाचला एक तास सहा मिनिटं, महिन्याचे ३३ तास, ताशी ६७ रुपयांनी २,२०० रुपये. आणि त्यानंही पाचवं माणूस सुटत नाही, कारण पावणेचौदाचे पावणेतेरा तास झाले तरी चार जणांच्या बारा तासात ते बसत नाहीत. याउलट मशीनची किंमत चार वर्षांवर वाटली तर महिन्याला ५,८०० च्या वर, शिवाय बॅटरी आणि सर्व्हिस, साडेसात हजार कुठं गेले नाहीत. २,२०० वाचवायला साडेसात हजार घालायचे आणि त्यापायी वहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवायच्या, हे मला अजिबात पटत नाही. महिन्यातनं दोन रात्री सिंगल डिस्क, म्हणजे एका गोल ब्रशनं फरशी घासणारं साधं मशीन भाड्यानं आणा, तुम्हीच लिहिलेल्या दीड हजाराच्या रेटनं ३ हजार.

सगळं मांडलं की मजुरी ५६,५००, मटेरियल ६,६००, भाडं ३ हजार, युनिफॉर्म-हातमोजे ८००, तुमचं पेट्रोल-फोन २ हजार, अडीअडचणीला २,१००. ७१ हजार खर्च. ६० नं तुम्ही दर महिन्याला ११ हजार पदरचे घालत होतात. रेट द्या ८२ हजार. मालक म्हणणार शेजारचा अडीचनं देतोय, तर रेट कमी करू नका, काम कमी करा, दुसऱ्या मजल्याचं दुपारचं पुसणं काढा किंवा मटेरियल त्यांचं ठेवा. सगळं धरून ७७ आणि मटेरियल त्यांचं असेल तर ७०, याच्याखाली काम सोडून द्या.

कोटेशनवर जीएसटी, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू झाल्यास वेगळे असं लिहा. आज जीएसटीच्या वर्षाला २० लाखाच्या मर्यादेच्या आत आहात, पण अशी दोनच कामं झाली की वर्षाचे १९ लाख ६८ हजार होतात, तिसऱ्याला १८ टक्के आलाच. दहा माणसं झाली की ईएसआयचा मालकाचा सव्वातीन टक्के हिस्सा, वीस झाली की पीएफ, तो चार्जेस धरून १३ टक्के. दर महिन्याला १ टक्का टीडीएस कापला जाईल, तो रिटर्न भरून परत मिळवा.

खरा पैसा लागणार आहे तो पुढं. १ जुलैला काम सुरू केलं, १ ऑगस्टला बिल दिलं, ४५ दिवसांनी म्हणजे १५ सप्टेंबरला चेक. मधे ७ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर असे दोन पगार तुम्हाला खिशातनं द्यायचेत. दोन महिन्यांचे १ लाख ४२ हजार, सुरुवातीच्या ट्रॉल्या-बादल्या ३५ हजार, आणि घरखर्च २२ हजारानं सहा महिन्यांचा १ लाख ३२ हजार. ३ लाख ९ हजार. तुमची एफडी याच्यासाठीच आहे, वर ९१ हजार राहतात तेवढेच. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढी उचल घ्या, एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज आणि तेही वापराल तेवढ्याच दिवसांचं. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं छोटा उद्योग म्हणून नोंद, फुकट होते, ती याच आठवड्यात करा. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर करून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च मालकाला त्या वर्षी इन्कम टॅक्समधे धरता येत नाही. कापडवाल्यांना हे चांगलं माहितीय, २०२४ च्या मार्चमधे त्यांच्यात हीच चर्चा होती.

नोकरीचं म्हणाल तर एका साइटवर ११ हजार सुटणार आणि पगार २४, यात सोडायचं कशाला. वहिनी लक्ष द्यायला तयार आहेत असं लिहिलंय, तर सकाळचा कारभार त्यांच्याकडं द्या, उद्यमही त्यांच्याच नावानं काढा, तुमच्या कंपनीलाही बोलायला जागा राहत नाही. तिसरी साइट पक्की झाली की मला परत लिहा.

येत्या रविवारी टेप आणि घड्याळ घेऊन शोरूमला जा. एका मावशीला दिवसाची मजुरी देऊन तळमजल्यावर १,००० आणि पहिल्या मजल्यावर रॅकमधे १,००० फूट करायला लावा, मिनिटं लिहून पाठवा. माझ्या ४० पेक्षा पाच मिनिटं जरी जास्त लागली तरी वर दिलेले आकडे मी परत करून देतो, मगच कोटेशन द्या.