बेलमादीचं नाव घेऊन पोराला पळवू नका

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा अकरावी कॉमर्सला, दहावीला ६८ टक्के, पेठेतल्या टीमकडून खेळायचा. गेल्या सीझनला गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटलं, ऑपरेशन झालं. आता तो म्हणतो मला कोच व्हायचंय. संध्याकाळी गल्लीतल्या बारक्या पोरांना शिकवतो आणि अल्जेरियाचा माजी कोच जमाल बेलमादी याच्या जुन्या मॅचेस बघून वहीत काहीतरी काढत बसतो. वडील लिहितात, "बेलमादीसुद्धा आधी प्लेयर होता, मगच कोच झाला. मी सांगितलंय, आधी महाराष्ट्राच्या टीममध्ये ये, नाव कर, मग कोच हो. दोन वर्षं दिलीत, नाहीतर फुटबॉल बंद. ऑपरेशनला पाच महिने झाले, रोज पहाटे ग्राउंडवर पळायला नेतो. हल्ली तो माझ्याशी फारसा बोलत नाही. कुठल्या अकॅडमीत घालू?"

नमस्कार साहेब,

अकॅडमीचं नाव मी देणार नाही. पत्र वाचताना मी अडकले ते "पाच महिने" आणि "रोज पहाटे" या शब्दांवर, आणि त्याच्या पुढच्याच ओळीवर. सर्जननी पळायची परवानगी दिलीय असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. एसीएलच्या ऑपरेशननंतर पुन्हा मॅच खेळायला निदान नऊ महिने तरी थांबा असं स्पोर्ट्सचे डॉक्टर सांगतात, आणि ते नुसतं कॅलेंडर बघून नाही, मांडीची ताकद तपासतात, उडी मारून जमिनीवर येताना गुडघा आत वळतो का ते बघतात, मग ठरवतात. हळू पळणं त्याआधी सुरू होतं हे खरं, पण ते फिजिओच्या सांगण्यावरून, वडिलांच्या स्टॉपवॉचवर नाही. कमी वयाच्या खेळाडूंमध्ये तेच लिगामेंट दुसऱ्यांदा तुटायचं प्रमाण जास्त असतं, कधीकधी दुसऱ्या पायाचंही जातं. तुम्ही पोराच्या भल्यासाठी पहाटे उठताय हे मला कळतं, पण सतरा वर्षांच्या पोराला दुखत असेल तर तो बापाला सांगेल का? दोन वर्षांची मुदत डोक्यावर ठेवल्यावर तर अजिबात नाही सांगणार, गप्प बसेल आणि पळेल. आणि तो गप्प बसलाय असं तुम्हीच लिहिलंय, जाता जाता, अकॅडमी विचारायच्या आधी.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याच एका ओळीची वाटली.

आता बेलमादी. तुम्ही त्याचं उदाहरण दिलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण त्याच्याच करिअरमध्ये तुमचा मुद्दा उलटा पडतो. बेलमादी पॅरिसजवळच्या शाँपिन्यी-स्यूर-मार्नचा, जन्म १९७६. मार्सेय, मँचेस्टर सिटी, साउथॅम्प्टन असे क्लब फिरला, अल्जेरियाकडून मॅचेस खेळला फक्त २०. त्याचा सगळ्यात लक्षात राहिलेला गोल २००१ मध्ये फ्रान्सविरुद्धचा, आणि ती मॅच अल्जेरिया ४-१ अशी मागे असताना लोक मैदानात घुसले म्हणून बंदच पडली. चांगला प्लेयर होता, पण त्याच्या नावाने कुणी पोरांची नावं ठेवावीत असा नाही. तसा प्लेयर म्हणजे रबाह माजेर. १९८२ च्या वर्ल्डकपमध्ये पश्चिम जर्मनीला हरवलं तेव्हा पहिला गोल त्याचा, १९८७ ला व्हिएन्नात पोर्तोकडून बायर्नविरुद्ध युरोपियन कपच्या फायनलला टाचेने मारलेला गोल त्याचा, १९९० ला अल्जेरियाने पहिल्यांदा आफ्रिका कप जिंकला तेव्हा कॅप्टन तोच. तुमच्या हिशेबाने अल्जेरियाला यापेक्षा मोठा कोच मिळायलाच नको. ऑक्टोबर २०१७ मध्ये टीम त्याच्याकडे दिली, २०१८ मध्ये मॅचमागून मॅच हरली आणि जूनमध्ये त्याला काढलं. ऑगस्टमध्ये बेलमादी आला. प्लेयर बरेचसे तेच, मेहरेझ तोच, बुनेजाह तोच. जुलै २०१९ ला कैरोत सेनेगलला १-० हरवून आफ्रिका कप, एका वर्षाच्या आत. मग या दोघांमधला फरक खेळण्यातून आला का? खेळण्यात तर माजेर कितीतरी पुढे होता.

फरक मधल्या वर्षांत आहे असं मला वाटतं. बेलमादीने २००९ ला खेळणं थांबवलं आणि २०१० ला कतारमध्ये लेखविया नावाच्या टीमकडे कोच म्हणून गेला, टीम नुकतीच वरच्या लीगमध्ये आलेली, त्याच सीझनला लीग जिंकली, पुढच्या वर्षी परत. मग कतारची नॅशनल टीम, २०१४ चा गल्फ कप, मग परत क्लब. अल्जेरियाने बोलावलं तेव्हा त्याची कोचिंगची जवळजवळ आठ वर्षं झाली होती, रोज सकाळी ग्राउंडवर पंचवीस माणसांना काय करायचं आणि का करायचं हे सांगण्याची. कतारमध्ये तो आधी खेळलेला होता, ओळखी होत्या, त्याचा फायदा झालाच असणार, ते मी नाकारत नाही. पण ओळखीने दार उघडतं, टायटल येत नाही. आणि मुळात खेळायलाच न मिळालेलेही आहेत, जर्मनीचा नागल्समान दुखापतीमुळे विशीतच थांबला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी होफेनहाइम या क्लबचा हेड कोच झाला. तुमच्या पोराला त्याचं नाव सांगा.

तुम्हाला जे वेळ घालवणं वाटतं ना, बारक्या पोरांना शिकवणं, वहीत बाण काढणं, तेच या धंद्यातलं पहिलं काम आहे. तो ते कुणी न सांगता करतोय, दुखऱ्या गुडघ्याने करतोय. आणि तुम्ही त्याला त्यातून उठवून पळायला नेताय.

एक मात्र तुमच्या बाजूने बोलते, कारण पैशाची भीती तुम्ही लिहिली नसली तरी मला दिसते. कोचची नोकरी बेभरवशाची आहे. हाच बेलमादी लागोपाठ ३५ मॅचेस हरला नव्हता, आणि मग मार्च २०२२ ला ब्लिदामध्ये कॅमेरूनविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी गोल खाल्ला आणि वर्ल्डकप गेला. आफ्रिका कपमध्ये लागोपाठ दोनदा पहिल्याच फेरीत बाहेर, जानेवारी २०२४ ला मॉरिटानियाकडून हरल्यावर विषय संपला. एवढा मोठा माणूस, त्याची ही गत. आपल्याकडे तर शाळा-क्लबच्या कोचचा पगार काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको, कोल्हापुरात तुम्ही ते जवळून बघता. म्हणून डिग्री सोडायची नाही. बीकॉम करू दे, नंतर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची डिग्री) किंवा एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा, शाळेतल्या नोकरीला त्याचा उपयोग होतो. कोचिंगच्या लायसन्सचं म्हणाल तर १८ पूर्ण झाले की डी लायसन्सचा कोर्स, पुढे सी, बी अशा पायऱ्या, महाराष्ट्रात विफाकडे (राज्याच्या फुटबॉल संघटनेकडे) चौकशी करा. या लायसन्सना महाराष्ट्राच्या टीममध्ये सिलेक्शन झालेलं असावं लागत नाही. ६८ टक्क्यांवर तर मी काही बोलतच नाही, ते ठीक आहेत.

आणि ती दोन वर्षांची मुदत मागे घ्या. मनातल्या मनात नको, त्याला समोर बसवून सांगा, की मी म्हणालो होतो ते आता नाही. तो लगेच मोकळा बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका, थोडे दिवस लागतील. तोपर्यंत दुरूस्तीच्या सूचना, सल्ले, कुणाच्या पोराचं कुठे सिलेक्शन झालं, हे सगळं घरात बंद. त्याच्या वहीत काय आहे ते विचारा, कळलं नाही तर परत विचारा, फुटबॉल तुम्हालाही आवडतो ना.

पण सगळ्याच्या आधी या आठवड्यात सर्जनची अपॉइंटमेंट घ्या. आजपर्यंत किती पळवलंय ते खरं खरं सांगा, आणि डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलत असतील तर तुम्ही बाहेर थांबा. ते हो म्हणेपर्यंत पहाटेचं ग्राउंड बंद. पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू दे, लायसन्सचं मी त्याच्याशीच बोलेन.