ख्रिस्ती विद्यापीठातून नेतृत्वाची डॉक्टरेट : वाचकांचे प्रश्न

मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे, वय ४६. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठाची ‘ऑर्गनायझेशनल लीडरशिप’मधली ऑनलाइन डॉक्टरेट करायचा विचार आहे. पन्नाशीनंतर कॉलेजात शिकवायचं आहे. एजंट म्हणतो, तीन वर्षांत पदवी हातात. ती इथे चालेल का?

फक्त शिकवण्यासाठी हवी असेल, तर अजून पैसे भरू नका.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार भारतात ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएच.डी. देता येत नाही. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असा जाहीर इशारा यूजीसी आणि एआयसीटीई यांनी २८ ऑक्टोबर २०२२ रोजी दिला होता. तुमचा ‘एजंट’ त्यातला आहे का, ते आधी बघा. थेट अमेरिकी विद्यापीठात नाव घातलंत तरी समकक्षतेचा, म्हणजे ती पदवी भारतीय पदवीच्या तोडीची मानली जाते का, हा प्रश्न उरतोच. ते ठरवण्याचं काम पूर्वी एआययूकडे (भारतीय विद्यापीठ संघाकडे) होतं. एप्रिल २०२५च्या नियमांनी ते यूजीसीने स्वतःकडे घेतलं. ‘याच विद्यापीठाची, याच पद्धतीने केलेली पदवी चालेल का’ हे प्रवेशाआधी यूजीसीला लेखी विचारा. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला लेखी उत्तर म्हणत नाहीत.

आणखी एक गाळणी आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत परदेशी पीएच.डी.च्या बळावर नेट ही पात्रता परीक्षा न देता सहायक प्राध्यापक होता येतं, पण ते विद्यापीठ क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एखाद्या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५००मध्ये असावं लागतं. नेतृत्वाच्या डॉक्टरेटसाठी ओळखली जाणारी ख्रिस्ती विद्यापीठं प्रामुख्याने अध्यापनावर चालणारी आहेत. त्या ५००मध्ये ती सहसा सापडत नाहीत. याचा अर्थ शिक्षण वाईट असा नाही. मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच.

तुमच्यासाठी एक जवळची वाटही आहे. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाला डॉक्टरेट लागत नाही, १५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नेमणूक मुदतीची असते, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि अपवाद म्हणून चौथं. पन्नाशीनंतरच्या बेताला ती बरी बसते.

एवढं वाचूनही, नोकरीतल्या बढतीसाठी किंवा विषयाच्या ओढीने करायचीच असेल, तर पदवीचं नाव नीट वाचा. पीएच.डी.मध्ये सिद्धान्तात भर घालायची असते. एड.डी. (शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट) आणि स्ट्रॅटेजिक लीडरशिपची डी.एस.एल. या व्यवसायाकडे झुकलेल्या पदव्या आहेत. व्हर्जिनिया बीचच्या रीजंट विद्यापीठात पीएच.डी. आणि डी.एस.एल. दोन्ही आहेत, फिनिक्सच्या ग्रँड कॅनियनमध्ये याच विषयाची एड.डी. आहे. मान्यता तपासायची ती अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या किंवा ‘चिया’ (CHEA) या तिथल्या मान्यता परिषदेच्या यादीत, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नव्हे.

‘तीन वर्षांत’ हे गणित कोर्सवर्कचं असतं. त्यानंतर सर्वंकष परीक्षा, प्रस्ताव, नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी, पाच प्रकरणांचा प्रबंध. माणसं अडकतात ती इथेच. कोर्स संपतो, ग्रुप पांगतो, आणि प्रबंध पूर्ण होईपर्यंत दर सत्राला फी चालू राहते. खर्च काढताना क्रेडिटला ९०० डॉलर धरले, तर ६० क्रेडिटांचे ५४,००० डॉलर होतात. त्यात रेसिडेन्सीचा, म्हणजे कॅम्पसवर हजर राहायच्या दिवसांचा, प्रवास आणि ही लांबलेल्या सत्रांची फी मिळवा. शिवाय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला लाइव्ह तास असेल, तर ऐरोलीत उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. निव्वळ ऑनलाइन अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मी हिंदू आहे, ठाण्यात एचआरमध्ये काम करते. अशा विद्यापीठात अडचण येईल का? आणि अभ्यासात ‘ख्रिस्ती’ म्हणजे नेमकं काय असतं?

श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही बऱ्याचदा प्राध्यापकांकडून घेतात, विद्यार्थ्यांकडून नाही. विद्यार्थ्याला आचारसंहिता मान्य करावी लागते. पण सगळीकडे सारखं नसतं, म्हणून प्रवेश अर्जासोबतचा मजकूर पूर्ण वाचा. प्रवेशाच्या निबंधात ‘तुमच्या श्रद्धेचा आणि नेतृत्वाचा संबंध काय’ असा प्रश्न येऊ शकतो. तिथे वारकरी परंपरेबद्दल लिहिलंत तर कोणी नापास करणार नाही. उगाच बायबलची वचनं पेरलीत तर मात्र वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

अभ्यासाचा कणा असतो सेवक नेतृत्व, म्हणजे आधी सेवा आणि मग नेतृत्व. ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७०च्या निबंधात मांडली. ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीतले अधिकारी, म्हणजे चर्चपेक्षा ऑफिसातच जास्त वावरलेले. कॅथलीन पॅटरसन यांनी २००३ साली रीजंटमधल्या प्रबंधात तिचं सात गुणांचं प्रारूप बांधलं, त्यात पहिला गुण ‘अगापाओ’, म्हणजे समोरच्याच्या भल्यासाठी केलेलं प्रेम. त्याच्या जोडीला बर्न्स आणि बास या अभ्यासकांचं परिवर्तनवादी नेतृत्व, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती. शेवटच्या दोन विषयांत कुठलाच धर्म मदतीला येत नाही.

भारतातल्याच ख्रिस्ती विद्यापीठात नोकरी सांभाळून करता येईल का? एमबीएला ५८ टक्के आहेत. (कोपरखैरणे)

येईल. बेंगळुरूचं क्राइस्ट हे कार्मेलाइट धर्मगुरूंच्या सीएमआय संघाचं, २००८पासून अभिमत विद्यापीठ. त्याचं एक संकुल पुणे जिल्ह्यात लवासाला आहे. मात्र तुमच्या विषयाचा गाइड कुठल्या संकुलात आहे ते आधी विचारा. लवासा नकाशावर जवळ दिसतं, पण पुण्याच्याही पुढे घाटरस्ता आहे. पदवी बहुधा ‘व्यवस्थापन’ विषयाची असेल, नेतृत्व हा तुमच्या प्रबंधाचा विषय.

पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. अर्धवेळ नोंदणीला कंपनीची एनओसी लागते, आणि अभ्यासाला पुरेसा वेळ देऊ हे त्या पत्रात लिहिलेलं असावं लागतं. एचआर बहुतेकदा ‘आमची हरकत नाही’ एवढंच छापील पत्र देतं, ते परत येतं. जून २०२४पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरतात, व्यवस्थापनाचा विषय क्रमांक १७. फक्त प्रवेशापुरती पात्रता मिळाली तर ते गुण एकच वर्ष चालतात.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटांचं. मुदत कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन, स्त्रियांना त्यावर आणखी दोन. गाइड निवडताना त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं उरली ते न लाजता विचारा. तीनपेक्षा कमी उरली असतील तर ते नवा विद्यार्थी घेऊच शकत नाहीत.

आमच्या मंडळीच्या पाळकांना एका ‘इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी’कडून नेतृत्वातली मानद डॉक्टरेट मिळते आहे. वाशीच्या हॉटेलात समारंभ, ‘देणगी’ साठ हजार. घ्यावी का? (ठाणे)

नको. मानद पदवीला पैसे लागत नाहीत. अशा संस्था अनेकदा अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा नोंदणी क्रमांक दाखवतात. फ्लोरिडासारख्या राज्यात धार्मिक संस्थांना परवान्यातून सूट असते, पण त्यांच्या पदवीच्या नावात धार्मिक विषय स्पष्ट लिहावा लागतो. अशा सवलतीवर चालणारी संस्था नुसती ‘लीडरशिप’ची पीएच.डी. देत असेल, तर तिथेच पाणी मुरतंय. पाळकांना खरोखर अभ्यास करायचा असेल तर पश्चिम बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजाच्या सिनेटशी संलग्न सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या कॉलेजात) चौकशी करा. त्या कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार १८२७च्या डॅनिश राजसनदेने मिळाला आहे.

रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यांत सेवक नेतृत्व आणि कामाचं समाधान यांवर सर्व्हे करते आहे. प्रश्नावलीचं मराठी केलं, पण पायलटमध्ये (चाचणी फेरीत) निम्म्या कामगारांनी वरपासून खालपर्यंत पाचपैकी ‘४’वरच खुणा केल्या. काय चुकलं? (घणसोली)

तुम्ही सोबत पाठवलेली प्रश्नावली पाहिली. पहिल्याच ओळीत ‘माझा नेता’ आहे. रबाळ्यात नेता म्हणजे नगरसेवक किंवा युनियनचा माणूस. लेथवर उभा असलेला कामगार आपल्या वरच्याला ‘साहेब’ किंवा ‘सुपरवायझर’ म्हणतो. त्यातही कंत्राटी कामगाराला दोन वरचे असतात, कंपनीचा सुपरवायझर आणि ठेकेदाराचा मुकादम. कोणाबद्दल विचारता आहात ते पानाच्या वरच ठळक लिहा, नाहीतर एकाच फॉर्ममध्ये दोन माणसांची सरासरी निघते.

दुसरं, ‘माझे साहेब माझ्या अडचणींकडे लक्ष देत नाहीत’ याला ‘असहमत’ म्हणायचं की ‘सहमत’? नकाराला नकार जोडताना थकलेला माणूस चुकतो आणि मग मधला किंवा गोड आकडा धरतो. मूळ मापनी (मोजमापाची प्रश्नावली) अशा उलट्या वाक्यांची असेल, तर निदान मराठीत वाक्य छोटं ठेवा आणि पाच आकड्यांच्या वर शब्द लिहा : अजिबात नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. मूळ मापनी ‘असहमत ते सहमत’ अशी असेल तर हा बदल गाइडला दाखवून करा, कारण मग मापनीच बदलते.

भाषांतर दोघांनी वेगवेगळं करावं. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. जुळलं नाही तिथे बसून शब्द ठरवा. त्यानंतर आठ-दहा कामगारांना एकेक वाक्य वाचायला लावून ‘म्हणजे काय?’ विचारा. पायलट याच्या नंतर, ३० जणांवर. तुम्ही ही मधली पायरी गाळलीत असं दिसतं.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं : फॉर्म कोणी गोळा केले? सुपरवायझरने केले असतील तर ‘४’ हे उत्तर नव्हे, शहाणपण आहे. बंद पाकीट, कॅन्टीनच्या दाराशी कुलूपबंद पेटी, नाव नाही, कर्मचारी क्रमांक नाही. वयाचे गट ठेवा. चार जणांच्या विभागात वय, लिंग आणि शिफ्ट एकत्र विचारलंत की माणूस ओळखू येतो आणि त्याला ते कळतं. प्रश्नावलीतल्या २८ वाक्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिफ्ट सुटताना बस उभी असते, तेव्हा देऊ नका. जेवणानंतर द्या.

दोन मापं एकाच माणसाकडून एकाच वेळी घेतली की ती उगाच जुळतात. नेतृत्वाचा भाग आज आणि समाधानाचा भाग दोन-तीन आठवड्यांनी घ्या. दोन्ही कागद जोडायला सांकेतिक खूण : आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. नमुना किती घ्यावा हे सांगणाऱ्या क्रेजसी-मॉर्गनच्या १९७०च्या तक्त्यात ५०० कामगारांना २१७चा नमुना आहे. दुसऱ्या फेरीला गळती होते, म्हणून निदान ३०० फॉर्म वाटा. एका सुपरवायझरखालची दहा उत्तरं म्हणजे दहा सुटी मतं नव्हेत. त्यामुळे कामगार किती यापेक्षा सुपरवायझर किती याकडे बघा.

मापनी वापरायची लेखी परवानगी आणि कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र नीतिसमितीकडे जाण्याआधी हातात असू द्या. बास आणि अव्होलिओ यांची एमएलक्यू ही नेतृत्व मोजणारी प्रश्नावली घेणार असाल तर ती विकत घ्यावी लागते, झेरॉक्स काढून चालत नाही. आणि मंजुरीच्या आधी भरून घेतलेले ते पायलटचे फॉर्म मुख्य आकडेवारीत मिसळू नका.