भाड्याची खोली की सासूबाईंची?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत स्वतःचा फ्लॅट. वाचक गाण्याच्या शिकवण्या घेतात. विद्यार्थ्यांची, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग घरीच करायची त्यांची इच्छा आहे. महिन्याला सहा कामं, प्रत्येकी 1,500 रुपये, असा अंदाज. स्टुडिओसाठी 10 बाय 10 ची बाजूची खोली ठरवली आहे. तिथे सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली राहतात, भाडं प्रत्येकी 4,000. खर्च 3 लाख: निम्मा ठेव मोडून, निम्मा वैयक्तिक कर्जातून, 14 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. त्यातले 1,10,000 'साउंडप्रूफिंग' करणाऱ्या कंत्राटदाराचे.

ताई, तुमच्या हिशोबात माइक आहे, केबल आहे, पॉप फिल्टरसुद्धा आहे. खोली मात्र फुकट धरली आहे. ती फुकट नाही. मुलींना जायला सांगितलंत की महिन्याला 8,000, वर्षाला 96,000 रुपये बंद. कंत्राटदार सोडला तर सगळ्या यादीत याहून महाग वस्तू नाही, आणि माइक एकदाच घ्यावा लागतो, ही किंमत दर महिन्याला.

आता सहाही कामं मिळाली असं धरू. आले 9,000. त्यातून गेलेलं भाडं 8,000 आणि कर्जाचा हप्ता साधारण 5,127. म्हणजे स्टुडिओ भरून चालला तरी दरमहा 4,127 रुपये पदरचे. विजेचं बिल अजून धरलेलंच नाही. या हप्त्यांतलेच साडेचौतीस हजार तीन वर्षांत नुसत्या व्याजापोटी जातील.

बरं, ती खोली आवाजासाठी तरी चांगली आहे का? तुम्ही उंची दहा फूट लिहिली आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणजे खोली नाही, खोकं. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा खर्ज घुमतो. तिन्ही बाजू तेवढ्याच असल्या की तिन्हीकडून तोच घुमतो. गाण्याच्या आवाजाला याचा फारसा त्रास नाही, काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) षड्जही 200 हर्ट्झच्या वर असतो. पण भजन म्हटलं की तबला किंवा पखवाज आला. डग्ग्याची घुमक एका कोपऱ्यात फुगेल आणि मधोमध बसलेल्याला ऐकूच येणार नाही. मग मिक्सिंग करताना तुम्ही अंदाजाने वाढवत बसाल.

दिवाणखान्याचा विचार सोडा. रस्त्यावरची बाजू, आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की हातातलं काम परत करावं लागेल.

राहिली आतली खोली. 9 बाय 12, रस्त्यापासून लांब, दोन लोखंडी कपाटं, दिवाण, वर गाद्यांची चळत. तुम्ही तिला 'अडगळ' म्हणता. रेकॉर्डिंगला हीच अडगळ कामाची: गाद्या-कपडे आवाज पितात, आणि तिन्ही मापं वेगळी असल्याने खर्ज एकाच सुरावर साठत नाही. कपाटांवर मात्र जाड चादर टाका, रिकामा पत्रा झणझणतो.

अडचण तुम्ही एका ओळीत उरकली आहे: 'ती खोली सासूबाईंची आहे, पण त्या हॉलमध्ये येतील.' त्यांना विचारलंय का? माझं मत, त्यांना हलवूच नका. दिवाण तिथेच राहू दे. रेकॉर्डिंग अकरा ते दोन, त्यांची दुपारची झोप सुरू व्हायच्या आत. आठवड्याला दीड काम बसवायला एवढा वेळ पुरे.

कंत्राटदाराबद्दल स्पष्टच लिहितो. तो भिंतींना लावणार त्या फोमने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. तो अडवायला वजनदार भिंत आणि हवाबंद दार-खिडकी लागते. शेजारचा मिक्सर फोममधून आरामात आत येतो. (अंड्याच्या ट्रेंचंही तेच, फक्त त्या स्वस्त.) शिवाय भिंतीला चिकटवलेला फोम आणि फॉल्स सीलिंग विकता येत नाही. त्याऐवजी सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, आत चार इंच रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वरून कापड. असे सहा पॅनेल 15,000 च्या आसपास. काम झालं की कपाटामागे सरकवायचे.

माझा खर्चाचा अंदाज: माइक 8,000, साउंड कार्ड (माइक लॅपटॉपला जोडणारं) 10,000, हेडफोन 5,000, स्टँड-केबल 4,000, पॅनेल 15,000, दाराखालची फट बुजवणं आणि जाड पडदा 5,000. एकूण 47,000. लॅपटॉप तुमच्याकडे आहेच. वैयक्तिक कर्ज नको. ठेवही मोडू नका, मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच उचल, आणि कामं येतील तसा फेडा. मे महिन्यात शिकवण्या बंद असतात, तेव्हा ती ठेवच तुमचा आधार आहे.

सहा कामं मिळाली आणि वीज-दुरुस्तीला हजार काढले, तर सहा महिन्यांत पैसे वसूल. निम्मीच मिळाली तर चौदा महिने. तोवर मुलींचं भाडं चालू. जीएसटीचं विचारलंत, सेवांसाठी वर्षाला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तो विषय तूर्त बाजूला ठेवा.

खरेदीआधी एक काम करा. आतल्या खोलीत पंखा बंद करून फोनवर दोन-दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा: अकराला, साडेबाराला, दोनला. मग हेडफोन लावून ऐका. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचा नळ, भिंतीतल्या पाइपातून उतरणारं पाणी, सगळं कळेल. साडेबाराला शिट्ट्याच शिट्ट्या असतील तर वेळ बदला, आणि ती सासूबाईंना विचारूनच. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली नसेल तर तोवर देऊ नका.