वाचकांचे प्रश्न : प्लास्टिकमिश्रित डांबरी रस्ता

प्रश्न : आमच्या गावापासून राज्य रस्त्यापर्यंतच्या दोन किलोमीटर रस्त्याचे डांबरीकरण मंजूर झाले आहे. डांबरात प्लास्टिक घालणार असल्यामुळे दहा वर्षे खड्डा पडणार नाही, असे ठेकेदार सांगतात. यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, बार्शी तालुका)

उत्तर : दहा वर्षांचे आश्वासन कोणी तोंडी देत असेल, तर करारनाम्यात दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) किती वर्षांचा लिहिला आहे, ते आधी पाहावे. तंत्र मात्र खरे आहे आणि आपल्याच देशातले आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ते विकसित केले, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चेन्नईतील जंबुलिंगम स्ट्रीट हा या पद्धतीच्या सुरुवातीच्या रस्त्यांपैकी एक असून तो २००२ मध्ये झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तामिळनाडूतील अशा काही रस्त्यांची पाहणी केली, तेव्हा काही वर्षांच्या वापरानंतरही त्यांवर खड्डे किंवा खडी उखडल्याच्या खुणा आढळल्या नव्हत्या. पुढे रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०१५ च्या अखेरीस केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांभोवती पन्नास किलोमीटरपर्यंत वरच्या डांबरी थरात टाकाऊ प्लास्टिक वापरावे, असे ठरवले.

प्लास्टिक डांबरात विरघळवतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या पद्धतीत ते खडीवर चढवले जाते. खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या यंत्रसंचात, म्हणजे हॉट मिक्स प्लँटमध्ये, खडी सुमारे १६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरचे प्लास्टिकचे कोरडे तुकडे सोडतात. ते मिनिटभरात वितळतात आणि प्रत्येक खड्यावर तेलकट, चकाकणारा पापुद्रा धरतो. त्यानंतरच गरम डांबर मिसळले जाते. उघड्या दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते, त्यामुळे पावसाळ्यात पाणी खडी आणि डांबर यांच्या मधे शिरते, डांबर सुटते आणि खडी मोकळी होते. प्लास्टिकचा पापुद्रा पाण्याला दगडापर्यंत पोहोचू देत नाही आणि डांबराला घट्ट धरून ठेवतो. शिवाय भर उन्हाळ्यात असा थर साध्या डांबरी थराइतका मऊ पडत नाही.

हा सगळा फायदा मात्र वरच्या थरापुरता आहे. खालचा मुरूम नीट दाबलेला नसेल, खडीकरण अर्धवट असेल, बाजूला गटार नसेल आणि साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहिल्यामुळे पाणी रस्त्यावरच तुंबत असेल, तर पाणी पायात मुरून रस्ता खालूनच खचेल, आणि तिथे प्लास्टिकचा काही उपयोग नाही. आपल्याकडचे बहुतेक ग्रामीण रस्ते याच कारणाने जातात, म्हणून माझे मत असे, की गावकऱ्यांनी प्लास्टिकपेक्षा गटाराचा आग्रह आधी धरावा.

प्रमाणाबद्दलही विचारावे. प्लास्टिक डांबराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ टक्के असते. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा थर टाकायचा, तर एका किलोमीटरला दहा-अकरा टन डांबर लागते. म्हणजे प्लास्टिक सातशे-आठशे किलोच्या आसपास. तुमच्या दोन किलोमीटरसाठी सुमारे दीड टन बारीक केलेले प्लास्टिक प्लँटवर यायला हवे. ते कोठून येणार आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाने दुधाच्या पिशव्या आणि जुने फ्लेक्स गोळा करून ठेवले आहेत. ते रस्त्यासाठी देता येतील का?

उत्तर : फ्लेक्स अजिबात देऊ नका. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांचे हे कापड सहसा पीव्हीसीचे असते, आणि पीव्हीसी गरम खडीवर पडले, की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. प्लँटवरच्या कामगारांना त्याचा थेट त्रास होतो. म्हणूनच मार्गदर्शक सूचनांत पीव्हीसीला मनाई आहे. पाइपचे तुकडेही त्याच कारणाने बाद ठरतात.

दुधाच्या पिशव्या चालतात, पण त्या धुऊन-वाळवून भंगारवाल्याला विकणे अधिक शहाणपणाचे. हे पॉलिथिन चांगल्या प्रतीचे असते आणि त्यापासून पुन्हा वस्तू बनतात; रस्त्यात गेले, की तो मार्ग बंद होतो. रस्त्यासाठी योग्य माल म्हणजे ज्याला भंगारात कोणी विचारत नाही तो : बिस्किटांची आणि वेफर्सची चकचकीत वेष्टने, पातळ कॅरीबॅगा, थर्माकोल. त्यांतही माती आणि ओल असता कामा नये. या तंत्रातले खरे कष्ट रोलर फिरवण्यात नाहीत, तर हे निवडण्या-धुण्यात आहेत, आणि अंदाजपत्रकात त्याची मजुरी धरलेली नसेल, तर प्लास्टिक कागदावरच मिसळले जाण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : या रस्त्यामुळे प्लास्टिकचा प्रश्न मिटतो, असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही. प्लास्टिक रस्त्यात अडकून राहते, नाहीसे होत नाही. थर झिजतो तसे तेही डांबराबरोबर झिजते.

प्रश्न : खड्डे बुजवताना रस्त्याकडेला ड्रममध्ये डांबर तापवतात, त्यातच पिशव्या टाकल्या तर?

उत्तर : कृपया तसे करू देऊ नका. पॉलिथिन डांबराहून हलके असल्यामुळे नीट मिसळत नाही, वर तरंगत राहते. लाकडाच्या जाळावर तापमान हाताबाहेर गेले, की ते जळू लागते आणि धूर ड्रमभोवती उभ्या असलेल्या मजुरांच्या नाकातोंडात जातो. किरकोळ डागडुजीला साधे डांबर आणि कोरडा, झाडून स्वच्छ केलेला खड्डा पुरेसा आहे.