तुमची पहिली गाडी कोणती होती, त्यानंतर कोणकोणत्या झाल्या, कोणती अजून आठवते? आणि हौसेखातर जुनी पद्मिनी आज घ्यावी का?

पहिली म्हणजे कोणाची पहिली, ते आधी ठरवायला हवं. घरात आलेली पहिली गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची स्कूटर. माझ्या नावावरची पहिली कायनेटिक होंडा. आणि चारचाकी विचारत असाल तर सेकंडहँड फियाट, जिची आरसी नवऱ्याच्या नावावर आणि हप्ते दोघांच्या पगारातून.

मी फोर्टातल्या बँकेत नोकरी केली ती सगळी हार्बर लोकलच्या पासावर. त्यामुळे ‘कामाला जायला गाडी हवी’ हे कारण आमच्याकडे कधी कोणी पुढे केलं नाही. गाड्या घेतल्या त्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी, आणि मुख्य म्हणजे गणपतीत गावाला जाण्यासाठी.

अण्णांच्या स्कूटरच्या वेळी आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. अण्णांनी बजाजचा नंबर लावला होता. कंपनीने किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे पैसे भरून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची, म्हणून गल्फमध्ये असलेल्या नातेवाइकांना एरवी मिळत नसे असा मान मिळायचा. आणि नंबर लागला की लगेच कोणीतरी दारात हजर : वर इतके देतो, गाडी मला द्या. आईचं मत स्पष्ट होतं, विकून टाका आणि सोनं घ्या. अण्णांनी ऐकलं नाही. बजाज आधी इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायचे, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दारात उभ्या गाडीला, म्हणून अण्णा खूश. इतिहास त्यांचा आवडता विषय.

धाकटा भाऊ पुढे उभा, अण्णांच्या मागे मी, आणि माझ्या मागे आई एका बाजूला पाय सोडून. चौपाटीपासून दादरला मामाकडे असं आम्ही जायचो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पावसाळ्यात सकाळी ती सुरू होणं हा चाळीचा सार्वजनिक कार्यक्रम असे. आधी किक. मग चोक ओढून किक. मग गाडी उजवीकडे आडवी करायची, पुन्हा सरळ, पुन्हा किक. तरी नाहीच, तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि शेजारचे एक जण वरून सांगणार, ‘अहो, फुंकर मारा आधी.’ टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. जास्त पडलं की प्लग काळा, कमी पडलं की पिस्टन जाम. पंपावर पोऱ्या माप ओतायचा तेव्हा अण्णा गाडीवरून उतरून त्याच्या हाताकडे बघत उभे राहायचे.

लग्नानंतर मी कुर्ल्याला आले, नेहरूनगरच्या म्हाडा वसाहतीत. मुलगा शाळेत जायला लागला, सासूबाईंचे गुडघे गेले आणि रिक्षावाले जवळचं भाडं घेईनात. तेव्हा मी बँकेतून कर्ज काढलं आणि कायनेटिक होंडा घेतली. ही गाडी भारतात १९८४ मध्ये आली. गियर नाही, बटण दाबलं की सुरू, तेलाची टाकी वेगळी त्यामुळे मापाची कटकट नाही. आज सगळ्याच स्कूटर अशा असतात, म्हणून त्यात काय मोठं असं वाटेल. पण तोवर स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच दाबून मूठ फिरवत गियर टाकायचे, आणि साडी नेसून किक मारायची. कितीतरी बायका त्या पायरीलाच मागे फिरायच्या. मी घेतली तेव्हा बिल्डिंगमधल्या एका आजींनी सासूबाईंना विचारलं, ‘तुमच्या मुलाला चालतं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘त्याला कुठे चालवायची आहे, ती चालवणार.’

त्या स्कूटरने काय काय केलं ते सांगत बसले तर रात्र होईल. सकाळी मुलाला शाळा, मग कुर्ला स्टेशनबाहेर स्टँडवर गाडी लावून लोकल, संध्याकाळी तिथूनच चेंबूरच्या बाजारातून भाजी. शनिवारी सासूबाईंना सायनला डॉक्टरकडे. त्या मागे बसल्या की माझा पदर स्वतःच्या हातात धरून ठेवायच्या, चाकात जाऊ नये म्हणून, आणि दर सिग्नलला ‘हिरवा झाला गं’ म्हणायच्या. माहेरी गिरगावात जायचं तर परळचा पूल, लालबाग, भायखळा करत एकटी जायची. कोणाला विचारायचं नाही, कोणाची सवड बघायची नाही. तुमच्या प्रश्नात ‘कोणती अजून आठवते’ असंही आहे. ही.

(आता मुंबईत इतके मोठे रस्ते झाले, पण वांद्रे-वरळी सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू यांवर दुचाकीला बंदीच. वेगाचं आणि वाऱ्याचं कारण मला पटतं. पण ज्यांना चारचाकी परवडत नाही त्यांनी मग जुन्याच रस्त्यावर खड्डे मोजत बसायचं, हे काही पटत नाही.)

फियाटची गोष्ट आमच्या कुर्ल्याची आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना रेल्वेलाइनीपलीकडे, कुर्ला पश्चिमेला एलबीएस मार्गावर. आधी डॉज-प्लायमाउथ, मग फियाट. फुगीर पाठीच्या जुन्या मॉडेलला लोक प्रेमाने डुक्कर फियाट म्हणायचे. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. पुढल्या बिल्डिंगमधले एक काका त्या कारखान्यात होते. आम्ही सेकंडहँड बघायला निघालो तेव्हा तेच बरोबर आले. मालक इंजिनाचं कौतुक सांगत होता आणि काका इंजिनाकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी पायाखालचं मॅटिंग उचललं, डिक्कीतली स्टेपनी बाहेर काढायला लावली आणि खालचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहिला. म्हणाले, मुंबईत खारी हवा, इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा होत नाही. मग खिशातून लोहचुंबक काढून दरवाज्यांवरून फिरवला. चिकटला तर पत्रा, घसरला तर खाली पुट्टी भरलेली. शेवटी गाडी सुरू करून धूर बघितला. निळा असेल तर इंजिन तेल खातंय. पहिल्या तीन गाड्या त्यांनी अशाच नापास केल्या, चौथी पास झाली. पांढरी, आतून लाल रेक्झिनची.

गियरचा दांडा स्टीअरिंगच्या बाजूला, पुढची सीट सलग बाकड्यासारखी. नवरा चालवणार, मध्ये मुलगा, कडेला मी, मागे सासू-सासरे आणि दीर, डिक्कीत मखराचं सामान. आमचं गाव खेडच्या पुढे. त्याआधी गणपतीला जायचं म्हणजे आमच्याच नेहरूनगरच्या एसटी डेपोतून, रिझर्वेशनच्या रांगेत दिराला पहाटे उभं करून. आता पहाटे निघायचं ते आपल्या गाडीने : पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळला वडापाव, माणगाव, महाड, पोलादपूर. आणि पुढे कशेडी घाट.

घाटात कार्बोरेटरच्या जमान्यातल्या बऱ्याच गाड्यांची जी गत व्हायची तीच आमच्या गाडीचीही व्हायची. पेट्रोलचा पंप इंजिनाला लागून बसवलेला असे. चढावर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ती वाफ ओढता यायची नाही, आणि टाकीत पेट्रोल असूनही गाडी आचके देत बंद. उपाय एकच. बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर ठेवायचं आणि थांबायचं. रेडिएटरचं झाकण तेवढ्यात उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आमच्या गाडीत त्यासाठी पाण्याचा कॅन आणि सासऱ्यांचा जुना पंचा कायमचा असे. घाटात एकाच वळणावर चार-पाच गाड्या बॉनेट वर करून उभ्या असायच्या, मंडळी रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून डबे उघडायची आणि कोण कुठल्या गावचा ही चौकशी व्हायची. आता कशेडीला बोगदा झाला. काही मिनिटांत पार. सोय झाली हे उघडच आहे. गर्दीत एसीत बसून जाताना कोणी कोणाला गाव विचारत नाही, हेही खरं.

त्यानंतरची मारुती ८००. तिच्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही, कारण तिने कधी काही बोलायला लावलंच नाही. किल्ली फिरवली की सुरू, चढली की घाट पार. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाला मिळाली होती, पन्नास हजारांच्या आत किंमत. आम्ही घेतली तोवर किंमत दोन लाखांपलीकडे गेली होती आणि पेपरातला तो जुना फोटो सासऱ्यांना अजून आठवत होता. एसी असलेली आमची ही पहिली गाडी. सासूबाई तरीही काच खाली करायच्या.

ती गेली २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी भरलेली, आणि आमची वसाहत सखल भागात. मी त्या रात्री बँकेतच अडकले. सकाळी रुळांवरून चालत घरी पोचले तेव्हा गाड्या चिखलात वेड्यावाकड्या सरकलेल्या होत्या. गॅरेजवाले उस्ताद बिल्डिंगी-बिल्डिंगीत फिरून एवढंच ओरडून सांगत होते की किल्ली लावू नका, बॅटरीची वायर काढा. कारण इंजिनात पाणी शिरलेलं असतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. आम्ही ऐकलं, इंजिन वाचलं. पण वायरिंग, सीटा, कार्पेट सगळं कुजलं. विम्याचे पैसे मिळाले, गाडी भंगारात गेली. तो वास मात्र पुढे कुठल्याही ओल्या गाडीत बसले की येतो.

मग सीएनजीवाली वॅगनआर. पंपावर लांबलचक रांग, गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, डिक्कीत सिलिंडर असल्यामुळे सामान मांडीवर. खर्च खरंच कमी. इतकं पुरे तिच्याबद्दल.

पार्किंगबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण मुंबईत गाडी कोणती घ्यायची हे शेवटी तेच ठरवतं. जुन्या वसाहती बांधल्या तेव्हा कोणाकडे गाड्या असतील असं गृहीतच धरलं नव्हतं. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, चाकाखाली दगड. मागच्याला बाहेर पडायचं असलं की वॉचमन पुढच्या दोन-तीन गाड्या हाताने ढकलून जागा करणार. बाहेरगावचा पाहुणा सवयीने हँडब्रेक ओढून झोपला की मध्यरात्री इंटरकॉम वाजलाच. आता बिल्डिंग पाडून टॉवर झालाय आणि गाड्या यंत्रात एकावर एक रचलेल्या. आपली गाडी खाली येईपर्यंत उबर दारात येते, म्हणून मुलगा ती काढतच नाही.

आता तुमच्या पद्मिनीचं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदवली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. खासगी गाडीला अशी सरसकट बंदी मुंबईत नाही. पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून आरसीची मुदत संपलेली गाडी ‘नंतर बघू’ म्हणत घेऊ नका, मालकाकडूनच नूतनीकरण करून घ्या. पार्टसाठी ऑपेरा हाउसची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला, आणि पत्र्याचं काम येणारा म्हातारा कारागीर आधी गाठा, गाडी नंतर. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या गाडीतलं रबर त्याने फुगतं, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातला पडदा पहिल्याच दिवशी बदलून टाका. लोहचुंबक न्यायला विसरू नका. आणि तुमच्याकडेही यांत्रिक पार्किंग असेल तर सेक्रेटरीला आधीच विचारा, कारण खाली तेल टपकवणारी गाडी वरच्या कप्प्यात ठेवायला आमच्या सोसायटीने तरी लेखी नकार दिलाय.