पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं, घरचं वेगळं

या वेळी वाय-फायचे प्रश्न बरेच आलेत आणि त्यातही होमस्टेवाल्यांचे जास्त, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न: देवबागला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी वाय-फायचा पासवर्ड विचारतो, म्हणून आम्ही तो छापून प्रत्येक खोलीत लावलाय. घरचे मोबाईल, सीसीटीव्ही, बिलाचा कॉम्प्युटर सगळं त्याच वाय-फायवर चालतं. जाऊबाई म्हणतात हे बरं नाही. खरंच काही बिघडतं का? – एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर: ताई, जाऊबाई अगदी बरोबर सांगतायत, त्यांचं ऐका. एका वाय-फायवर जेवढी उपकरणं असतात ती सहसा एकमेकांना दिसतात. म्हणजे तुमच्या खोलीत बसलेल्या पाहुण्याने मोबाईलवर एखादं फुकटचं स्कॅनिंगचं ॲप उघडलं तर त्याला तुमचा सीसीटीव्हीचा डबा, प्रिंटर, बिलाचा कॉम्प्युटर सगळ्याची यादी मिळते. सीसीटीव्हीला बसवणाऱ्याने ठेवलेला पहिलाच पासवर्ड अजून असेल (बहुतेक ठिकाणी तोच असतो) तर तो कॅमेरेसुद्धा बघू शकतो. पाहुणा वाईट असायलाच पाहिजे असं पण नाही, त्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी तो आपणहून आजूबाजूला हात मारत फिरतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, तेव्हा त्यावरून कोणी काही केलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या जरा आधी जो ईमेल आला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वाय-फायवरून गेला होता, त्या वाय-फायला नीट कुलूप नव्हतं, आणि तिथे राहणाऱ्या माणसाचा काही हात नसताना त्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं.

उपाय मात्र सोपा आहे आणि फुकट आहे. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. पाहुणा ओटीवर बसतो, माजघरात शिरत नाही, तसंच हे: इंटरनेट मिळतं पण घरातली उपकरणं दिसत नाहीत. राउटर उलटा करून मागचं स्टिकर बघा, तिथे १९२.१६८.१.१ सारखा पत्ता आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड लिहिलेलं असतं, तो पत्ता ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की राउटरचं पान उघडतं. आत गेलात की सगळ्यात आधी हा लॉगिनचाच पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा, आणि तो स्टिकरवरचाच राहिला तर खोलीतून कोणीही आत येऊन तुमची सगळी सेटिंग उलटीपालटी करू शकतो. मग वायरलेसमध्ये जाऊन गेस्ट चालू करा, त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्या, आणि तिथेच 'लोकल नेटवर्क ॲक्सेस' अशा अर्थाची एक चौकट असते ती रिकामी ठेवा. ती टिक राहिली तर गेस्ट नावापुरतंच उरतं, हे खूप जणांचं होतं म्हणून मुद्दाम सांगतोय.

झालं की तपासून बघा. तुमचा मोबाईल गेस्टवर जोडा आणि सीसीटीव्हीच्या डब्याचा पत्ता (राउटरसारखाच आकडी) ब्राउझरमध्ये टाका, तो उघडता कामा नये. सीसीटीव्हीच्या ॲपवरून तपासू नका, कारण ते बाहेरून इंटरनेटमार्गे फिरून येतं आणि कुठूनही उघडतं.

आणि जुना पासवर्ड आता कितीतरी लोकांच्या फोनमध्ये साठलेला आहे, तेव्हा घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलाच. त्यानंतर टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर सगळं एकेक करून पुन्हा जोडावं लागतं, त्यामुळे खोल्या रिकाम्या असतील असा दिवस निवडा. खोलीत फक्त गेस्टचा कागद लावा, क्यूआर कोड लावलात तर पाहुण्यांना टाइप करायचा त्रास पण वाचेल. पण क्यूआरमध्ये पासवर्ड उघडाच असतो, कोणीही वाचू शकतो, म्हणून दर महिन्याला नाही तर निदान सीझन संपला की तो बदलून नवा कागद लावायचा.

प्रश्न: गुहागरला आमचं जुनं कौलारू घर आहे, भिंती जांभ्याच्या. राउटर ओटीवर आहे. मुलगा मागच्या पडवीत बसून ऑफिसचं काम करतो, तिथे रेंज मिळत नाही आणि पावसात तर अजिबातच नाही. मोठा राउटर घ्यावा का? – एक वाचक, गुहागर

उत्तर: काका, मोठा राउटर घेऊन पैसे घालवू नका. अडचण राउटरची नाही, भिंतींची आहे. जांभा जाड असतो आणि सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. मध्ये अशा दोन-तीन भिंती आल्या की पलीकडे फार काही पोचत नाही. राउटरवर दोन बँड असतात, त्यातला ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमतो, २.४ चा हळू पण जास्त आत जातो. आज संध्याकाळी मुलाला फोन आणि लॅपटॉप २.४ वर जोडून बघायला सांगा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा फ्रीजजवळ असेल तर आधी तिथून काढून माजघरात उंचावर ठेवा.

नाही भागलं तर माझं स्पष्ट मत असं की रिपीटर घेऊ नका, वायर टाका. साधा रिपीटर त्याच लहरींवर ऐकतो आणि त्याच लहरींवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास अर्धा होतो, आणि पडवीत जिथे रेंज नाही तिथेच लोक तो लावतात, मग तो बिचारा पुढे देणार काय. लॅनची, म्हणजे राउटरला उपकरणं जोडायची, कॅट ६ जातीची वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घराला त्याच्या पाव भागानेही काम होईल. वाशाला धरून ती पडवीपर्यंत न्या आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तो नुसतं वाय-फायने पसरवतो. वायर उघड्यावर येणार असेल तर बाहेरची काळी घ्या, आतली वायर उन्हाने तडकते. फक्त एक बघा, ॲक्सेस पॉइंट मोडवर बऱ्याच साध्या राउटरांचं गेस्ट नेटवर्क नीट वेगळं राहत नाही, म्हणून त्या दुसऱ्या राउटरवर गेस्ट चालू करू नका.

प्रश्न: वाय-फायचं नाव लपवलं की कोणाला कळणार नाही ना? – एक वाचक, दापोली

उत्तर: कळतं. नाव लपलं तरी लहरी हवेत असतातच आणि साध्या ॲपला त्या दिसतात, शिवाय तुमचा फोन बाहेर गेल्यावर पण ते नाव हाका मारत शोधत राहतो. पासवर्ड चांगला असेल तर नाव उघडं राहू दे.

प्रश्न: आमचा देवगडला आंब्याचा धंदा आहे. ऑफिस आणि पॅकिंगच्या शेडमध्ये एकच वाय-फाय, पासवर्ड म्हणून माझा मोबाईल नंबर ठेवलाय म्हणजे कोणी विसरत नाही. चालेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर: नाही चालणार दादा, तो आजच बदला. एक तर तुमचा नंबर प्रत्येक पेटीवर छापलेला असणार. आणि नंबर कोणाला माहीत नसता तरी फरक पडला नसता. तुमचा फोन वाय-फायला जोडला जातो त्या क्षणीची देवाणघेवाण रस्त्यावर उभा राहून कोणी पकडली, तर पासवर्डचे अंदाज तो घरी जाऊन आपल्या कॉम्प्युटरवर करू शकतो, तुम्हाला काही कळत पण नाही. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे झाले ४०० कोटी. गेमिंगचं चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला १० लाख अंदाज तपासतं. हिशेब करा, तास-सव्वा तासात सगळे नंबर संपले.

त्यापेक्षा कोकम, शिडी, तबला, बुधवार असे एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरात सलग लिहा (हेच नको, तुमचे तुम्ही निवडा), पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो आणि लांबी हीच त्याची ताकद. राउटरच्या पानावर सिक्युरिटीची यादी असते, म्हणजे वाय-फायच्या कुलपाचे प्रकार, त्यात डब्ल्यूपीए ३ असेल तर तो घ्या, २०१८ ला आला, त्यात असे घरी बसून अंदाज करता येत नाहीत. जुने फोन अडत असतील तर डब्ल्यूपीए २ (त्याच्या आधीचं कुलूप) आणि ३ मिळून असलेला पर्याय निवडा, मग लांब पासवर्ड हवाच. नुसता डब्ल्यूईपी दिसत असेल तर राउटरच बदला, ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय. आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११ हजारांच्या आसपास प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ ला उघड झालंय आणि तरी कित्येक राउटरांवर ते चालू असतं.

शेडमधल्या सीझनच्या माणसांना गेस्टचा पासवर्ड द्या. ऑफिसचा फक्त हिशेब बघणाऱ्यांकडे, आणि त्यातलं कोणी काम सोडून गेलं तर त्याच दिवशी बदलायचा, माणूस कितीही भरवशाचा असला तरी.

प्रश्न: वीज कडाडली की राउटर जळतो. प्लग काढतो तरी जळला. – एक वाचक, हरिहरेश्वर

उत्तर: प्लग काढलात पण लॅनची वायर तशीच राहिली असेल. घरातून बाहेरच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या कॅमेऱ्याकडे गेलेली तांब्याची वायर असली की वीज तिथून आत येते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आलं की वीज चमकायच्या आधीच प्लग आणि बाहेर जाणारी प्रत्येक लॅन दोन्ही काढा. कंपनीची फायबर आतून काचेची असते, तिला हात लावायची गरज नाही, ती वारंवार काढली तर टोकाला धूळ बसून उलट नेट हळू होतं. दोन इमारतींमध्ये कायमची वायर टाकायची असेल तर तांब्याऐवजी फायबरच टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारा छोटा डबा) लावा.