पहिली दोन मिनिटं : प्रेझेंटेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दर महिन्याच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलावं लागतं. घरी सगळं नीट म्हणून होतं, पण उभी राहिले की छाती धडधडते, आवाज कापतो, घशाला कोरड पडते. हे कायमचं जाईल का?

उत्तर : पूर्णपणे जाईलच असं नाही, आणि ते गेल्याशिवाय चांगलं बोलता येत नाही हेही खरं नाही. शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढलं की हे सगळं होतं. बहुतेकांची धडधड बोलायला सुरुवात करताना आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असते, मग आपोआप उतरत जाते. म्हणून पहिली तीन-चार वाक्यं, आणि फक्त तेवढीच, शब्दशः पाठ करा. झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत. ती संपेपर्यंत आवाज जागेवर येऊ लागतो.

आवाज कापण्यात श्वासाचा मोठा वाटा असतो. घाबरल्यावर श्वास वरच्यावर चालतो आणि वाक्याला हवा पुरत नाही. 'खोल श्वास घ्या' हा सल्ला अर्धवट आहे. भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि उलट गरगरतं. लक्ष श्वास सोडण्याकडे द्या : चार अंक मोजत नाकाने आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा, नाव पुकारण्याआधी खुर्चीतच.

हात थरथरत असतील तर पातळ कागद हातात धरू नका, त्याची फडफड मागच्या रांगेलाही दिसते. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. लेझर पॉइंटरही टाळा, कारण हाताची बारीकशी थरथर पडद्यावर वीतभर नाचते. दाखवायची जागा स्लाइडवरच बाणाने किंवा गडद रंगाने दाखवून ठेवा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते : तुमची भीती तुम्हाला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नाही. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस ठरली.

आणि कुणी मित्राने दिलेली 'धडधड थांबवणारी' गोळी परस्पर घेऊ नका. अशा कामासाठी वापरली जाणारी काही औषधं दम्याच्या रुग्णांना धोक्याची असतात. भीतीपायी कामच टाळायची वेळ येत असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यावर परिणामकारक उपचार आहेत.

प्रश्न : मी सगळं भाषण लिहून पाठ करतो. तरी मध्येच एक शब्द निसटतो आणि पुढचं काहीच आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी पडते का?

उत्तर : स्मरणशक्ती ठीक आहे, पद्धत चुकते आहे. शब्दशः पाठांतरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला टांगलेलं असतं. एक तुटलं की खालची सगळी गळून पडतात. पाठ करायचे ते मुद्दे आणि त्यांचा क्रम. वाक्यं दर वेळी नवी होऊ द्या.

तयारीची सुरुवात स्लाइडपासून करू नका. आधी एक वाक्य लिहा : 'हे ऐकल्यावर समोरच्यांनी काय करावं किंवा काय मान्य करावं?' ते लिहिता येत नसेल तर अजून विषयच ठरलेला नाही. मग त्या वाक्याला आधार देणारे तीन, फार तर चार मुद्दे निवडा. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर पाच-सहा शब्द, अचूक सांगायचे आकडे, आणि सर्वांत खाली पुढच्या मुद्द्याकडे नेणारं वाक्य : 'खर्च का वाढला ते पाहिलं, आता तो कुठे कमी करता येईल ते पाहू.' ही सांध्याची वाक्यं फारसं कुणी तयार करत नाही, आणि माणसं बहुधा तिथेच अडखळतात. ओघ मुद्द्याच्या पोटात तुटत नाही, दोन मुद्द्यांच्या मध्ये तुटतो.

यानंतर तालीम : उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. मनातल्या मनात केलेली तालीम फसवते, कारण मनातलं वाचन तोंडच्या बोलण्यापेक्षा वेगाने होतं. मनात दहा मिनिटांत बसलेलं प्रत्यक्षात तेरा-चौदा मिनिटांवर जातं आणि शेवटचा, बहुधा सर्वांत महत्त्वाचा भाग घाईत उरकावा लागतो. दहा मिनिटं मिळणार असतील तर आठ मिनिटांचं तयार करा. मिनिटाला १०० ते १२० शब्द धरले तर साधारण ८०० ते ९५० शब्द झाले.

किमान तीन तालमी तीन वेगळ्या दिवशी करा. एकाच रात्री सहा वेळा म्हणण्यापेक्षा हे जास्त टिकतं. त्यातली एक मधूनच सुरू करा : कार्डं पिसा, हाती येईल त्या मुद्द्यापासून पुढे बोला. ज्याला तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करता येतं, तो दुसऱ्यात अडकला तरी बुडत नाही. शेवटची तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा. आधी डोळे मिटून नुसती ऐका आणि 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली', 'काय आहे की' किती वेळा आलं ते मोजा. मग आवाज बंद करून बघा. सापडलेल्या दोषांपैकी एकच पुढच्या वेळी सुधारायला घ्या. चार एकदम धरले की लक्ष विषयावरून उडतं.

इतकं करूनही मध्ये कोरं झालंच, तर माफी मागू नका. थांबा, पाण्याचा घोट घ्या, कार्ड बघा, शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा. तीन सेकंदांची शांतता तुम्हाला अर्धा मिनिट वाटते. ऐकणाऱ्यांना तो विचार करायला मिळालेला वेळ असतो.

प्रश्न : आमच्या साहेबांना सगळे आकडे स्लाइडवर हवे असतात. मग स्लाइड वाचून दाखवण्यापलीकडे काही उरत नाही.

उत्तर : दोन फायली करा. सगळे आकडे असलेली बैठकीआधी किंवा नंतर वाटायला; पडद्यासाठी वेगळी. भरगच्च स्लाइड लावली की माणसं वाचू लागतात, आणि वाचताना कानावर वेगळे शब्द पडले की दोन्ही नीट पोहोचत नाहीत. बारा रकान्यांच्या तक्त्याऐवजी त्यातला निर्णायक आकडा मोठ्या अक्षरात दाखवा, आणि स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहा. 'विक्री अहवाल' असं नको. 'विक्री वाढली, पण वसुली थांबली' असं हवं.

मराठी स्लाइडसाठी खास दोन सूचना. देवनागरीत वर मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं येतात, म्हणून अक्षरांचा आकार २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि ओळींत जास्त अंतर ठेवा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हं होऊन उघडतो. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवलीत तर हा घोटाळाही टळतो. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना 'बी' हे बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळ्यांची नजर तुमच्याकडे वळते. हे फार कामाचं आहे.

प्रश्न : शब्दांचा प्रभाव फक्त ७ टक्के, बाकी सगळं आवाज आणि देहबोली, असं एका प्रशिक्षणात सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : असं सरसकट नाही. हे आकडे अल्बर्ट मेहरबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. ते सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून बोलणाऱ्याची आवड-नावड कशी ओळखली जाते याबद्दल होते. भावना-वृत्तीपलीकडच्या संभाषणाला ते लागू नाहीत, हे खुद्द मेहरबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. आधी मजकूर पक्का करा, हातवारे नंतर.

प्रश्न : बोलणं जमतं, पण प्रश्नोत्तरांत गाळण उडते.

उत्तर : आदल्या दिवशी दहा संभाव्य प्रश्न लिहा, त्यांत तुम्हाला नको असलेले तीन आधी. प्रत्येकाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मोठ्याने देऊन बघा. ज्या प्रश्नाला आकडे लागतील त्याची जादा स्लाइड शेवटच्या स्लाइडनंतर ठेवा आणि तिचा क्रमांक कार्डावर लिहा. शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की ती थेट उघडते.

प्रश्न पूर्ण ऐका, मग तो थोडक्यात सर्वांना ऐकू येईल असा परत सांगा. मागच्यांना प्रश्न कळतो, तुम्हाला विचाराला वेळ मिळतो, आणि चुकीचा समजला असेल तर विचारणारा तिथेच दुरुस्त करतो. उत्तर माहीत नसेल तर 'आत्ता माझ्याकडे आकडा नाही, उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो' असं सांगा, त्यांच्यासमोरच लिहून घ्या आणि खरंच कळवा. अंदाजाने दिलेला एक आकडा चुकला तर बाकीच्या बरोबर आकड्यांवरचाही विश्वास जातो.

समारोपाचं वाक्य प्रश्नोत्तरांआधी खर्च करू नका. शेवटचा प्रश्न कुणी काय विचारेल हे तुमच्या हातात नसतं, म्हणून त्याचं उत्तर झाल्यावर ते वाक्य म्हणा आणि मगच खाली बसा.